अखाजीला बहिणी आल्या की सह्या घेऊ का? चोपड्याच्या भाऊंचं पत्र

चोपडा तालुक्यातून एका भाऊंचं लांबलचक पत्र आलंय. सगळं छापत नाही, थोडक्यात सांगते. वय ५२, घरी शेती, केळी आणि कापूस. वडील म्हणजे आबा ७८ वर्षांचे, आई ७२. एकूण सात एकर, त्यातली तीन एकर आजोबांकडून आलेली आणि चार एकर आबांनी स्वतः कष्ट करून विकत घेतलेली, सगळी आबांच्या एकट्याच्या नावावर. एक भाऊ पुण्याला कंपनीत, मोठी बहीण सुरतला (लग्न १९९२ चं), लहान बहीण शिरपूरला. शेतात बोअर, ठिबक सगळं या भाऊंनी केलं. आबा आताशा नावं विसरतात, एकच गोष्ट दोनदा विचारतात. वाटणीचा विषय काढला की म्हणतात, "मना मांगे देखी ल्या," म्हणजे मी गेल्यावर बघून घ्या. पुण्याचा भाऊ म्हणतो सगळं विकून मोकळे होऊ. भाऊंचे प्रश्न असे आहेत: अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघी बहिणी माहेरी येणारच आहेत तर तेव्हाच हक्कसोड पत्रावर सह्या घेऊन टाकाव्या का, बँकेतल्या ठेवीला नॉमिनी मी आहे तर ती रक्कम माझीच ना, आणि आबांसमोर हा विषय काढायचा कसा.

भाऊ, पत्र मनापासून लिहिलंय तुम्ही, त्यात लोभ दिसला नाही, भीती दिसली. तीस वर्षं ज्या रानात राबलो तिथे उद्या आपण कोण, ही भीती. ती खरी आहे आणि ती बोलून दाखवायला लाज वाटायचं काही कारण नाही. पण अखाजीच्या सह्यांचा जो बेत आहे तो कृपा करून सोडा, आणि का ते नीट सांगते कारण त्यात भावनेपेक्षा कायदाच जास्त आडवा येतो.

आबांनी स्वतः घेतलेल्या चार एकरावर आज तुमच्या बहिणींचा हक्कच नाही. तुमचाही नाही. आबा हयात आहेत तोवर ती फक्त आबांची. उद्या वारस म्हणून मिळेल अशी जी नुसती आशा असते ती कुणाला देता येत नाही आणि सोडताही येत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६ मध्ये हे सरळ लिहिलंय. म्हणजे त्या चार एकराबद्दल बहिणींनी आज शंभर सह्या केल्या तरी उद्या आबांच्या मागे त्या कागदाला फारसा अर्थ नाही, आणि सह्या घेतल्याचा राग मात्र जन्मभर राहील. राहिली आजोबांची तीन एकर. ती खरोखर वडिलोपार्जित असेल तर तिथे बहिणींचा हक्क आजच आहे, तो त्या सोडू शकतात, पण त्यालाही रजिस्टर हक्कसोड पत्र लागतं, घरी शंभराच्या स्टॅम्पवर लिहून ठेवलेलं चालत नाही. आणि सही करणारीला आपण काय सोडतोय, किती गुंठे सोडतोय हे माहीत पाहिजे. पुरणपोळी आणि आमरसाचं जेवण झाल्यावर, भाचे झोक्यावर खेळत असताना, ताटावरून उठवून कागद पुढे केला की बहीण नाही म्हणू शकत नाही, माहेर तुटेल या भीतीने ती सही करते. असल्या सह्यांवरून पुढे फसवणुकीचे दावे होतात आणि ते का होतात हे मला तरी पूर्ण समजतं.

आता १९९२ च्या लग्नाचं. गावात तुम्हाला कुणीतरी सांगितलंय की मोठीचं लग्न ९४ च्या आधी झालं म्हणून तिला काही मिळत नाही. हा गैरसमज कुठून आला तेही सांगते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क दिला पण ज्यांची लग्नं आधीच झाली त्यांना वगळलं होतं. नंतर केंद्राचा कायदा आला, ९ सप्टेंबर २००५ पासून, त्यात लग्न झालेली न झालेली असा भेदच ठेवला नाही, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने अजून स्पष्ट केलं की मुलीचा हक्क जन्मानेच आहे. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी झालेली असेल तर ती उकरता येत नाही, पण तुमच्याकडे तर अजून वाटणीच झालेली नाही. तेव्हा ९४ चा विषय डोक्यातून काढा. हुंडा दिला, बांगड्या घातल्या, बाळंतपणं केली हेही हिशोबात येत नाही, कायद्यात नाही आणि माझ्या मते न्यायातही नाही.

आता हिशोब मांडू, कारण पत्रात सगळ्यात जास्त घोळ इथे आहे आणि वडिलोपार्जित की स्वकष्टाची यावरून तुमचं नि पुण्याच्या भावाचं फोनवर भांडणही झालंय. समजा आबा मृत्युपत्र न करता गेले. स्वकष्टाच्या जमिनीत आई, दोन भाऊ, दोन बहिणी असे पाच वारस, प्रत्येकी पाचवा हिस्सा. वडिलोपार्जित जमिनीत आधी कागदावर वाटणी धरतात, आबा, आई आणि चार मुलं असे सहा हिस्से, मग आबांच्या सहाव्या हिश्शाचे परत पाच भाग. बेरीज करून बघा, शेवटी प्रत्येकाला पाचवा हिस्साच येतो. म्हणजे मृत्युपत्र नसेल तर सात एकराचे २८० गुंठे, प्रत्येकी ५६ गुंठे, मग जमीन आजोबांची असो की आबांची. ज्या मुद्द्यावर तुम्ही दोघं भाऊ भांडलात त्याने मृत्युपत्र नसताना एका गुंठ्याचाही फरक पडत नाही!

फरक पडतो तो मृत्युपत्र केलं तर. स्वकष्टाची चार एकर आबा ज्याला वाटेल त्याला देऊ शकतात, सगळी तुम्हाला दिली तरी कायदा अडवत नाही. वडिलोपार्जित तीन एकरातला मात्र फक्त स्वतःचा सहावा हिस्सा, म्हणजे २० गुंठे, त्यांना मृत्युपत्राने देता येतो, बाकीची १०० गुंठे आधीच आई आणि तुम्हा चौघांची. अन एक गोष्ट अजून, आजोबांकडून आली म्हणजे ती कायद्याने वडिलोपार्जितच असं दरवेळी नसतं. आजोबा १९५६ च्या नंतर गेले आणि आबांना ती वारसाने मिळाली असेल तर कोर्ट ती आबांची स्वतःची सुद्धा धरू शकतं. म्हणून पहिलं काम, तहसीलला जाऊन जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं कशी बदलत गेली त्या नोंदी काढा, आजोबांच्या नावापासून आजपर्यंतचे सगळे, सोबत सातबारा, आठ अ (खात्याचा उतारा), आणि आबांच्या चार एकराचं खरेदीखत. ते घेऊन दिवाणी काम करणाऱ्या वकिलाकडे एकदा बसा. नुसत्या सातबाऱ्यावर विसंबू नका, सातबाऱ्यावरची नोंद ही महसुलासाठी असते, मालकी त्याने ठरत नाही.

(तुम्ही आदिवासी समाजाचे नाही हे पत्रावरून कळलं, पण सातपुड्याकडचे, धडगाव अक्कलकुव्याकडचे वाचणारेही आहेत म्हणून सांगते, वर जे लिहिलं तो हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही आणि आदिवासींची जमीन बिगर आदिवासीला द्यायला वेगळे कडक नियम आहेत, त्यांनी हा हिशोब आपल्याला लावू नये.)

आता मला जे मनापासून म्हणायचंय ते. तुमच्या पूर्ण पत्रात आबा गेल्यावर काय, हे तीन पानं आहे. आबा आणि आई अजून दहा पंधरा वर्षं जगणार आहेत तर ती कशी जगतील, याच्यावर एक ओळ नाही. भाऊ, सुरुवात तिथून करा. आबांच्या नावावर पैसे किती, औषधपाण्याला महिन्याला लागतात किती, आबा अंथरुणाला खिळले तर बघणार कोण, आबा आधी गेले तर आई कुणाच्या दारात राहणार. चौघं भावंडं या प्रश्नांवर बसली ना तर भांडण व्हायचं कारण कमी असतं, कारण इथे कुणी काही मागत नसतो, सगळे द्यायलाच बसलेले असतात. जमिनीचं त्यातूनच निघतं. आणि आबांनाही "वाटणी करा" म्हटलं की वाटतं पोरं मी मरायची वाट बघतात, तेच "आईचं काय करायचं ते तुम्ही सांगून ठेवा" असं म्हणा, माणूस बोलायला लागतो. आपल्याकडे सालदाराचा, म्हणजे सालाने ठेवलेल्या गड्याचा सुद्धा वर्षाचा करार अखाजीला ठरतो, तर आईच्या म्हातारपणाचं ठरवायला तोच दिवस काय वाईट आहे. बहिणींना सह्यांसाठी नका बोलवू, यासाठी बोलवा, पुण्याच्या भावालाही या म्हणावं, व्हिडिओ कॉलवर नको.

आईसाठी दोन तीन गोष्टी लगेच करता येतात. आबांच्या हयातीतच आईचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येतं, लक्ष्मी मुक्ती योजना म्हणतात तिला, १९९२ पासून आहे, आबांनी स्वतः तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी बायकांच्या नावावर जमीन करायची जी मोहीम चालवली होती तिथून हे आलंय, तरी गावोगाव लोकांना माहीत नाही याचं मला वाईट वाटतं. दुसरं, बँकेचं खातं आई आणि आबांचं जॉइंट करून घ्या, दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो अशा पद्धतीचं, म्हणजे आबांना काही झालं तर आईला पैशासाठी कुणाचं तोंड बघावं लागणार नाही. तिसरं, दोघंही सत्तरीच्या पुढे आहेत, आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय का? ७० वर्षांवरच्या कुणालाही मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखापर्यंतचे उपचार, म्हातारा म्हातारी मिळून. आधार घेऊन जा आणि काढून टाका.

आबांच्या ठेवी पतसंस्थेत असतील तर माझं ऐका, मुदत संपेल तशा बँकेत किंवा पोस्टात न्या. बँकेतल्या ठेवीला पाच लाखापर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तो नसतो, आणि पतसंस्थेत पैसे अडकून म्हातारी माणसं पावत्या घेऊन वणवण फिरताना जळगाव जिल्ह्याने भरपूर बघितलीयेत. पोस्टातल्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये तीस लाखापर्यंत ठेवता येतात आणि दर तीन महिन्याला व्याज खात्यात येतं, औषधपाण्याला तेच बरं.

नॉमिनीचं. नाही भाऊ, नॉमिनी म्हणजे मालक नाही. १९८३ साली सरबती देवी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने विमा पॉलिसीवरून हे सांगितलं, २०२३ मध्ये शेअर्सबद्दलही तेच सांगितलं. बँक पैसे तुमच्या हातात देईल कारण बँकेला कुणाच्या तरी हातात देऊन मोकळं व्हायचं असतं, पण तुम्ही ते सगळ्या वारसांच्या वतीने सांभाळायचे, वाटून द्यायचे. एलआयसीला २०१५ च्या दुरुस्तीनंतर बायको, मुलं, आईवडील नॉमिनी असतील तर थोडा वेगळा नियम आहे, म्हणून पॉलिसीवर नाव कुणाचं आहे ते आजच बघा, आणि माझ्या मते ते आईचं असावं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं, तर आबांना बँकेत घेऊन जा आणि त्यांना जे वाटतं ते त्यांनाच भरू द्या. आबा गेल्यावर त्यांचं एटीएम वापरून पैसे काढू नका, सगळेच काढतात म्हणून ते बरोबर होत नाही. कुलमुखत्यारपत्र असलं तरी ते माणसासोबतच संपतं, एवढंच नाही तर माणसाची बुद्धी गेली तरी संपतं, त्याच्या भरवशावर राहू नका.

मृत्युपत्राला इतकं काही लागत नाही जितकं लोकांना वाटतं. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, आबांच्या हातचं असलं तरी चालतं. दोन साक्षीदार पाहिजेत, आबांनी त्यांच्यासमोर सही किंवा अंगठा करायचा आणि त्यांनी आबांसमोर. साक्षीदार आबांपेक्षा वयाने कमी असावेत, ज्यांना काही मिळणार आहे असे नसावेत, गावातला डॉक्टर, शिक्षक असे बघा, उद्या कोर्टात उभं राहून सांगू शकतील असे. रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण तुमच्या घरात ते केलंच पाहिजे असं मी म्हणेन, आबा चालू शकत नसतील तर दुय्यम निबंधकाला अर्ज करून घरी बोलावता येतं. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, घराचा नंबर, ठेवींच्या पावत्या, सगळं नीट लिहा. रजिस्टर केलेलंही आबा पुढे बदलू शकतात, शेवटचं जे असेल ते चालतं. आपल्याकडे मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे ते कोर्टातून खरं ठरवून घेणं, सक्तीचं नाही, मुंबईवाल्यांना ते पूर्वी सक्तीचं होतं, त्यांचं ऐकून घाबरू नका.

एक काळजी मात्र घ्या आणि ही तुमच्यासाठीच आहे. तुम्हाला जास्त मिळणार असेल तर मृत्युपत्राची धावपळ तुम्ही करू नका. वकील तुम्ही आणला, मजकूर तुम्ही सांगितला, गाडीतून आबांना तुम्हीच नेलं आणि बहिणींना पत्ताच नाही, असलं मृत्युपत्र कोर्ट संशयानेच बघतं. आबांचं विसरणं सुरू झालंय म्हणून तर अजूनच. आधी जळगावला मेंदूविकाराच्या किंवा मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा, उपचारासाठी म्हणूनच दाखवा, आणि आबांना आपली मालमत्ता, आपली मुलं, कुणाला काय देतोय हे समजतंय असं असेल तर मृत्युपत्र कराल त्याच दिवसाचं सर्टिफिकेट घ्या. विसरतो म्हणजे मृत्युपत्र करता येत नाही असं नाही, करताना समज पाहिजे. पण हे सहा महिन्यांनी करू असं म्हणण्यासारखं नाहीये, वेळ आज आहे. वकिलाशी आबांना एकट्याला बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा.

तुमचं बोअर आणि ठिबक. आबांच्या जमिनीत तुम्ही पैसा घातला म्हणून जमीन आपोआप तुमची होत नाही, हे कडू आहे पण खरं आहे. बिलं, सोसायटीच्या कर्जाचे उतारे सगळे जपून ठेवा आणि आबांना सांगा की हे मी केलंय याचा उल्लेख मृत्युपत्रात करा, अमुक गट मोठ्याला देतो कारण तीस वर्षं त्यानेच कसली, असं कारण लिहिलेलं असलं की बाकीच्यांनाही ते पचतं. माझं मत विचाराल तर ज्याने घर आणि रान धरून ठेवलं त्याला आबांनी आपल्या चार एकरातून जास्त द्यावं यात काही चूक नाही, फक्त ते आबांनी सगळ्यांसमोर सांगून द्यावं आणि बहिणींसाठी ठेवीतून, सोन्यातून काही ठेवावं. आजोबांच्या तीन एकरात मात्र कुणाचा हिस्सा मारू नका. सातबाऱ्यावर बोजा, म्हणजे कर्जाची नोंद असेल तर तोही सगळ्यांना दाखवा, आबांच्या मागे त्यांचं कर्ज वारसांना फेडावं लागतं ते मिळालेल्या मालमत्तेपुरतंच, खिशातून नाही, पण लपवलेलं कर्ज नंतर निघालं की विश्वास जातो.

तुम्ही लिहिलंय की तलाठी आप्पा म्हणाले, मृत्युपत्राची भानगड कशाला, आताच खातेफोड (जमिनीची वाटणी करून वेगवेगळी खाती) करून टाका, महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे स्वस्तात होते. होते खरी, पण ती आधीच सामाईक असलेल्या जमिनीची. आबांची स्वकष्टाची चार एकर त्यात घुसवू नका, ते बक्षीस होतं, त्याला रजिस्टर बक्षीसपत्र लागतं. आणि बक्षीसपत्र मी आबांना करायला सांगणार नाही. एकदा दिलं की गेलं. तरी करायचंच असेल तर "आम्हा दोघांचा तहहयात सांभाळ करील" ही अट त्यात लिहून घ्या, म्हणजे सांभाळ झाला नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्याकडे जाऊन ते रद्द करून घेता येतं. तुम्ही सांभाळणार हे मला माहीत आहे, पण माणसाचं काही सांगता येत नाही, तुम्हालाच काही झालं तर? नावावर जमीन असलेल्या म्हाताऱ्याला घरात विचारतात, हे मी लिहिणं बरं दिसत नाही पण आलेली पत्रं तेच सांगतात.

आबांच्या मागे वारस नोंद तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायची असते, त्यात सगळ्या वारसांची नावं घाला, बहिणींची वगळलेली वारस नोंद हे तर दाव्याला आमंत्रणच. मयत खातेदारांच्या वारस नोंदी लावायला सरकारने २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम काढली, कारण कितीतरी सातबाऱ्यांवर अजून गेलेल्या माणसांचीच नावं होती. वारसाने आलेल्या जमिनीवर टॅक्स नसतो, ती भीती पत्रात होती ती काढून टाका.

आणि पुण्याच्या भावाचं विकायचं. आबांची स्वकष्टाची चार एकर तर आबा आहेत तोवर तो विकू शकत नाही. नंतरही कुणाला वारसाने आलेला आपला हिस्सा विकायचा असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो आधी बाकीच्या वारसांना घ्यायचा हक्क आहे, शेतजमिनीलाही हे लागू आहे असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलंय. म्हणजे उद्या बाहेरचा कुणी थेट तुमच्या बांधावर येऊन उभा राहील ही जी भीती तुम्ही लिहिलीय त्याला उत्तर आहे. पण घ्यायला पैसे लागतील, त्याची तयारी आतापासून करा, आणि भावाला आत्ताच सांगा की विकायचं ठरलं तर भाव मीच देईन, हप्त्याने घे. बऱ्याचदा बाहेर गेलेल्या भावाला जमीन नको असते, आपल्याला कुणी विचारलं एवढंच हवं असतं.

जुने फेरफार आधी काढा. त्यात आजोबा कधी गेले आणि आबांचं नाव कसं लागलं, वारसाने की वाटणीने, ती नोंद काय म्हणते ते मला लिहून पाठवा. तीन एकराचं पुढचं त्यावरच सांगता येईल.